गाडीच्या अंगातला पीळ

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मोटारीच्या सांगाड्याला घरच्या घरी आधार कसे जोडतात याची चर्चा व्हावी, हे ऐकून काही भुवया उंचावल्या असतील तर ते स्वाभाविकच आहे. परंतु या विषयाचा उगम शाळेच्या भूमितीतच आहे. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोण एकच काढता येतो. चार बाजूंची लांबी ठरली तरी चौकोन मात्र अगणित काढता येतात. चार पट्ट्या चार खिळ्यांनी जोडून केलेली चौकट हाताने दाबली की कलंडते, आणि एक पाचवी पट्टी कर्णावर ठोकली की हलेनाशी होते. सुतार फळ्यांच्या दाराला मागून तिरकी पट्टी मारतो ती याचसाठी, आणि कौलारू घराच्या आढ्याखाली कैची बसवतात तीही याचसाठी. गाडी ताठ करण्याचा सारा खटाटोप या एका पाचव्या पट्टीभोवती फिरतो.

दुसरे कारण अधिक घरगुती आहे. आज अनेक घरांतील तरुण जुनी गाडी विकत घेऊन अंगणात किंवा इमारतीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात तिची दुरुस्ती मांडून बसतात. वेल्डिंगचे छोटे यंत्र आता सहज मिळते, पोलादी चौकोनी पाइप तर हार्डवेअरच्या दुकानात फुटांवर मिळतो. मुलगा काय करतो आहे हे आईवडिलांना समजत नाही, आणि त्यातील धोका कित्येकदा मुलालाही समजलेला नसतो.

बुटांचे एक रिकामे खोके घ्यावे. झाकण काढून दोन्ही टोके दोन हातांत धरावीत आणि कपडा पिळतात तसे पिळावे. खोके सहज पिळले जाते. आता झाकण लावून कडेने चिकटपट्टी फिरवावी आणि पुन्हा पिळून पाहावे. पुठ्ठा तोच असतो, वजनातही नाममात्रच फरक पडतो, पण खोके दाद देत नाही. झाकणासह खोके म्हणजे छप्पर असलेली मोटार आणि झाकणाविना खोके म्हणजे बिनटपाची, उघडी मोटार. पुढील सारे विवेचन या दोन खोक्यांमधील अंतराचे आहे.

मोटारीच्या आरंभीच्या पिढ्यांत हा प्रश्न निराळ्या स्वरूपात होता. त्या काळी दोन लांब पोलादी चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे अशी शिडी जमिनीलगत असे. इंजिन, चाके, पाटे तिला लटकत, आणि वरची बैठक घोडागाडीच्या कारागिराने लाकडात घडवून शिडीवर ठेवलेली असे. शिडी उभ्या भाराला खंबीर असते, पिळाला मात्र फारशी दाद देते. खाचखळग्यांच्या रस्त्यावर तिचे हे पिळले जाणे काही अंशी उपयोगीही पडे; एक चाक खड्ड्यात गेले की शिडीच थोडी वळे आणि उरलेली तीन चाके जमिनीवर टिकत. मालमोटारींत आजही ही शिडी आहे, आणि महिंद्राच्या जुन्या जीपगाड्यांतही ती होती.

ही शिडी मोडीत काढण्याचे धाडस इटलीतील व्हिन्चेन्झो लान्चा याने केले. त्याची ‘लॅम्ब्डा’ ही गाडी १९२२ मध्ये लोकांसमोर आली. जहाजाला वेगळी शिडी नसते, त्याचे कवच हाच त्याचा सांगाडा असतो, या विचारातून ही कल्पना सुचली असे सांगितले जाते. बात्तिस्ता फाल्केत्तो या त्याच्या सहकाऱ्याने तिचे आराखडे काढले. लॅम्ब्डाच्या दोन्ही बाजूंचे पोलादी पत्रे, मधले आडवे पडदे आणि खालचा बोगदा हे सारे मिळून भार वाहत. त्यामुळे बाजूचे पत्रे उंच ठेवावे लागले आणि दारे आखूड. गाडीच्या बाजूला दार कापणे म्हणजे तुळई कापणे होय, ही जाणीव त्या आखूड दारांत स्पष्ट दिसते. गिऱ्हाइकांना मात्र आपल्या आवडीच्या कारागिराकडून हवी तशी बैठक बांधून घ्यावयाची हौस होती. म्हणून उत्तरकालीन मालिकांत लान्चाला पुन्हा सुटा तळसांगाडा देऊ करावा लागला. शास्त्र पुढे जाते आणि हौस त्याला मागे ओढते, याचे हे जुने उदाहरण.

पुढे १९३४ मध्ये सित्रोएनच्या ‘त्राक्स्यों आव्हां’ गाडीने अखंड पोलादी कवचाची पद्धत मोठ्या उत्पादनात रुजवली. भारतीय रस्त्यांवर दोन पिढ्या ज्यांनी राज्य केले त्या दोन्ही गाड्या याच जातीच्या होत्या: मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत घडत राहिलेली अँबॅसडर, आणि मुंबईत कुर्ल्याला घडलेली, मूळची फियाट ११००, म्हणजेच पद्मिनी. दोघींनाही खाली वेगळी शिडी नव्हती. ज्यांच्या घरी या गाड्या होत्या त्यांना आठवत असेल की गंज लागून दाराखालचा उंबरठा कुजला की दारे नीट लागेनाशी होत. दाराची बिजागरी झिजली असे समजून ती बदलली जाई आणि महिन्याभरात दार पुन्हा लोंबू लागे. दोष दाराचा नसे. ज्या चौकटीत दार बसवायचे ती चौकटच तिरकी झालेली असे.

उंबरठ्याचे हे महत्त्व पाहावयाचे तर १९६२ ते १९८० या काळात निघालेली ‘एमजी बी’ ही इंग्लिश गाडी पाहावी. तिच्या पाच लाखांहून अधिक प्रती बनल्या आणि जगभर आजही घरगुती कारागीर तिच्यावर हात चालवताना दिसतात. टपाविना असलेल्या या गाडीत पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारे आधार मोजकेच: मधला बोगदा, पायाखालचा पत्रा आणि दोन्ही बाजूंचे उंबरठे. उंबरठा बाहेरून एकच पत्रा वाटतो, पण आत पत्र्यांचे थर आहेत. बाहेरचा, आतला, मधला उभा पडदा आणि खालचा वळवलेला पाया. हे सर्व एकत्र जोडले की बंद नळी तयार होते. पाणी याच नळीत साचते आणि नळी आतून कुजते. बाहेरून रंग शाबूत आणि आत भुगा, अशी स्थिती वर्षानुवर्षे कळतही नाही.

येथे एक चूक वारंवार घडते. हौशी मनुष्य गाडी जॅकवर चढवतो, चाके काढतो, कुजलेला उंबरठा कापून टाकतो आणि नवा बसवतो. वेल्डिंग सुरेख, रंग सुरेख. गाडी चाकांवर उतरवल्यावर दार लागत नाही, कारण उंबरठा कापल्याबरोबर गाडी मधोमध बोटभर खचलेली असते, आणि नवा उंबरठा त्या खचलेल्या अवस्थेतच पक्का झालेला असतो. जाणते कारागीर म्हणून कापण्यापूर्वी दाराच्या पोकळीत, पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, एक तात्पुरती पोलादी पट्टी जोडतात, दाराची फट चारही बाजूंनी मोजून भिंतीवर लिहून ठेवतात, आणि गाडीचा भार चाकांच्या जागीच पेललेला राहील अशी टेकू-व्यवस्था करतात. काम संपले की ती पट्टी काढून टाकतात. वाकलेल्या अंगाला दिलेला आधार त्या वाकण्यालाच कायम करतो, हे सूत्र कायमच्या आधारांनाही तितकेच लागू आहे.

पण ताठपणा हवा तरी कशाला? दार लोंबणे आणि पत्रे कुरकुरणे एवढाच प्रश्न असता तर इतक्या लोकांनी इतकी रात्रजागरणे केली नसती. गाडीच्या चारही चाकांवर स्प्रिंगा असतात. वळणावर गाडी कलते तेव्हा तो भार पुढच्या आणि मागच्या चाकांनी किती किती उचलायचा हे स्प्रिंगा आणि कलरोधक कांबी यांच्या कमी-अधिक कडकपणाने ठरवले जाते, आणि गाडीचा स्वभाव त्या वाटणीवर घडतो. ही वाटणी पुढून मागे पोहोचवण्याचे काम गाडीच्या अंगाचे असते. अंगच जर मऊ स्प्रिंगेसारखे पिळले जात असेल, तर पुढची कांब कितीही जाड घातली तरी मागच्या चाकांना तिची वार्ता पोहोचत नाही. तारेच्या एका टोकाला निरोप द्यावा आणि तार सैल असल्यामुळे तो दुसऱ्या टोकाला जाऊ नये, तशी ही गत.

ताठपणाचे माप न्यूटन-मीटर प्रति अंश असे सांगतात. म्हणजे गाडी एक अंशाने पिळण्यास किती जोर लागतो ते. कल्पनेसाठी एका उघड्या गाडीचा ताठपणा ५,००० धरावा. वळणावर किंवा खड्ड्यात एका पुढच्या चाकावर १,००० न्यूटन भार वाढला आणि दुसऱ्यावर तेवढाच घटला, आणि दोन चाकांतील अंतर १.४ मीटर असले, तर पिळणारा जोर १,४०० न्यूटन-मीटर होतो आणि गाडी पाव अंशाहून किंचित जास्त पिळली जाते. पाव अंश हा आकडा ऐकायला क्षुल्लक आहे. पण तेवढ्याने पुढच्या प्रत्येक चाकाचा टेकू साडेतीन मिलिमीटरच्या आसपास वर किंवा खाली सरकतो. समोरची काच आणि डॅशबोर्ड थरथरताना दिसतो तो याच हालचालीमुळे.

शर्यतीच्या गाड्यांत या गणिताने इतिहास घडवला. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने १९६२ मध्ये आपल्या ‘लोटस २५’ या गाडीत नळ्यांचा पिंजरा सोडून पत्र्याची बंद कवचे वापरली. तिचे अंग आधीच्या ‘लोटस २४’ पेक्षा तिपटीने ताठ आणि वजनाने सुमारे निम्मे भरले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, जिम क्लार्क तिच्यात बसून जगज्जेता झाला. ताठपणा वजन वाढवूनच मिळतो या समजुतीला यापेक्षा चोख उत्तर शोधून सापडणार नाही.

घरगुती आधारांची खरी जत्रा मात्र भरली ती माझदाच्या ‘एमएक्स-५’ या दोन आसनी उघड्या गाडीभोवती. ही गाडी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम मांडली गेली आणि २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख प्रती पूर्ण झाल्या. हिरोशिमाच्या अभियंत्यांनी वजन तोळामासा मोजून ती घडवली होती. गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शिअल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक जाळीदार तुळई त्यांनी तिच्या पोटात बसवली. ती इंजिनाचा जोर सरळ मागे पोहोचवते. पण झाकणाविना खोके ते झाकणाविना खोकेच. गाडी जुनी झाली, रस्ते खडबडीत मिळाले, रुंद टायर चढले, की डॅशबोर्डची थरथर जाणवू लागते. शिवाय तिच्या पायाखालून जाणारी दोन लांब चॅनेल पातळ पत्र्याची आहेत. कोणीतरी चुकीच्या जागी जॅक लावला की ती चिंबतात. वापरलेली ‘एमएक्स-५’ उचलून पाहावी तर बहुतेक वेळा ती पन्हाळी चपटलेली दिसते.

हौशी लोकांनी यावर काढलेले उपाय साधे आहेत. चिंबलेल्या चॅनेलवर जाड पत्र्याचे दुसरे, किंचित मोठे चॅनेल खालून चढवून बोल्टांनी आवळायचे. त्या दोन चॅनेलमध्ये, बोगद्याच्या तोंडावर, आडव्या पट्ट्या टाकायच्या. शक्य तेथे त्या उंबरठ्यापर्यंत तिरक्या न्यायच्या, म्हणजे तळाला त्रिकोण पडतात. पुढच्या दोन शॉक अॅब्सॉर्बरच्या माथ्यांमध्ये इंजिनावरून एक कांब टाकायची. आसनांच्या मागे, पट्ट्यांच्या दोन खांबांमध्ये, दुसरी. यातली मौज अशी की १.८ लिटर इंजिनाची सुधारलेली आवृत्ती काढताना, १९९४ च्या सुमारास, खुद्द कंपनीनेच आसनांमागच्या खांबांना जोडणारी आडवी कांब आणि चाकांच्या उपसांगाड्यांना खालून आणखी आधार दिले. तेव्हा पाचवी पट्टी कोठे ठोकावी याविषयी अंगणातला कारागीर आणि कारखान्यातला अभियंता यांचे फारसे दुमत नव्हते. कशी ठोकावी, याविषयी मात्र पुष्कळ सांगण्यासारखे आहे.

पहिली गोष्ट सरळपणाची. कांब ओढताना किंवा दाबताना जितकी ताठ असते तितकी वाकताना नसते. वीस मिलिमीटर व्यासाची, एक मीटर लांबीची भरीव पोलादी कांब एक मिलिमीटरने लांबवायला सहा टनांहून अधिक जोर लागतो. हीच कांब इंजिन आड येते म्हणून मधोमध दहा सेंटिमीटरने वाकवून नेली, तर तिचा ताठपणा शंभरपटीहून अधिक घटतो. दुकानांत चकचकीत, लाल-निळ्या रंगाच्या, डौलदार कमान असलेल्या कांबी मिळतात. बॉनेट उघडल्यावर त्या शोभून दिसतात, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. ज्यांच्या टोकांना बिजाग्रीसारखे सांधे आहेत आणि मध्ये कमान आहे, त्या कांबींनी गाडी ताठ झाली असे वाटणे हे बहुधा खर्च झालेल्या पैशांचे समाधान असते.

दुसरी गोष्ट नळीची. पन्नास मिलिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची पोलादी नळी घ्यावी आणि तशीच दुसरी नळी उभी चिरून घ्यावी. चिरेने वजन घटत नाही, आकारही डोळ्यांना तोच दिसतो. पण पिळाच्या बाबतीत अखंड नळी चिरलेल्या नळीपेक्षा चारशेपटीहून अधिक ताठ असते. कळक आणि उभी चिरलेली कांबट हाताळलेल्याला हे सांगावे लागत नाही. उघडे चॅनेल आणि बंद पाइप यांतील फरक हाच, आणि कुजलेला उंबरठा म्हणजेही चिरलेली नळी. म्हणून कोणताही नवा आधार जोडण्यापूर्वी कुजलेला उंबरठा बंद करणे हे पहिले काम. ते सोडून वर कांबी चढवणे म्हणजे भिंत पडकी ठेवून दाराला नवी कडी लावणे.

तिसरी गोष्ट पोलादाच्या जातीची. उंची, मजबूत पोलाद वापरले की आधार अधिक ताठ होतो असा समज सार्वत्रिक आहे, आणि तो चूक आहे. मजबूत पोलाद तुटायला अधिक जोर लागतो हे खरे. पण तेवढ्याच जोराखाली ते किती लवते, हे जवळजवळ सर्व पोलादांत सारखेच असते. साध्या पोलादाची कांब आणि महागड्या मिश्रधातूची कांब, माप सारखे असेल तर ताठपणाही सारखाच. अॅल्युमिनियम पोलादाच्या एक-तृतीयांश ताठ आणि वजनानेही सुमारे एक-तृतीयांश. तेव्हा लाभ धातूच्या नावात नसून आकारात आहे. शाळेतली तीस मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड फूटपट्टी आडवी धरून वाकवावी आणि मग कडेवर उभी धरून वाकवावी. दुसऱ्या स्थितीत ती शंभरपट ताठ असते. पैसे खर्चण्याआधी पट्टी उभी करून पाहावी.

सांध्यांविषयी थोडे. गाडीच्या अंगाचा पत्रा साधारण मिलिमीटरभर जाडीचा, कधी त्याहूनही पातळ. त्याला तीन मिलिमीटरची पट्टी थेट वेल्ड केली तर पत्रा जळून भोक पडते किंवा, त्याहून वाईट, जोड वरून शाबूत दिसतो आणि वर्षभराने कडेला चीर पडते. ताठ वस्तू मऊ वस्तूला जेथे अचानक भेटते तेथेच चीर पडते. म्हणून मध्ये रुंद, गोल कोपऱ्यांची पट्टिका घालून भार पसरावा लागतो. बोल्ट वापरायचा तर पत्र्याच्या दोन्ही बाजूंनी पट्टिका हव्यात. पोकळ पाइपातून बोल्ट जात असेल तर आत नळीचा तुकडा घालावा, नाहीतर आवळताना पाइपच चिंबतो. दहाच्या बोल्टला बाराचे भोक पाडले की आधार प्रत्येक खड्ड्याला त्या दोन मिलिमीटरांत सरकतो, आणि गाडीची मूळची कुरकुर थांबण्याऐवजी तीत एक नवी भर पडते. कोकणासारख्या पावसाच्या मुलखात बंद पाइपाला खालून पाणी निथळायला भोक आणि आतून मेणाचा लेप हवा, हे तर सांगायलाच नको.

वेल्डिंग हे काम अंगणात करण्याजोगे आहे की नाही, यावर मतभेद होतील. पायाखालच्या पत्र्याच्या पलीकडे पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते. पत्र्याच्या खालच्या बाजूला डांबरी लेप असतो, वर गालिचा असतो. दोन्ही पेटतात, आणि पेटल्याचे वेल्डरच्या काळ्या काचेतून दिसत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तापला की निघणारा धूर अंगात ताप भरवतो. बॅटरीच्या तारा न सोडता वेल्डिंग केले की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा जळू शकते. पाण्याची बादली आणि अग्निशामक नळकांडे जवळ ठेवून, दुसऱ्या माणसाला निव्वळ पाहत बसवून हे काम करतात. एकट्याने रात्री करावयाचे हे काम नाही, एवढे पालकांनी निःसंकोच सांगावे. आणि केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी घोड्या असतात.

आता या साऱ्यातील सर्वांत गंभीर भाग. मोटारीचे अंग सगळीकडे ताठ असावे अशी इच्छा अभियंत्यांचीही नसते. बेला बारेनी या मर्सिडीजच्या अभियंत्याने गाडीचा मधला भाग खंबीर ठेवून पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळू द्यावा ही कल्पना मांडली. तिचे पेटंट १९५० च्या दशकारंभीचे आहे आणि १९५९ च्या मर्सिडीज मालिकेत ती प्रत्यक्षात आली. टक्कर झाली की पुढचे पत्रे दुमडत जातात आणि त्या दुमडण्यात वेग जिरतो. ते दुमडणे काही क्षण अधिक टिकते म्हणून आतला माणूस वाचतो. घरी बसवलेली कांब आडवी, एका बाजूच्या खांबापासून दुसऱ्या बाजूच्या खांबापर्यंत असेल, तर ती या चुरगळण्याच्या वाटेत फारशी येत नाही. पण बंपरपासून डॅशबोर्डपर्यंत लांबीच्या दिशेने घातलेली जाड पट्टी म्हणजे टक्करीचा घाव थेट माणसापर्यंत आणणारा भाला होय. भारत सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये गाड्यांच्या पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांवर कारवाईचे निर्देश राज्यांना दिले, त्यामागची चिंताही हीच होती.

शर्यतीच्या गाडीतील पोलादी पिंजरा रस्त्यावरच्या गाडीत बसवण्याची हौस त्याहूनही धोक्याची. शर्यतीत चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, त्याला आसनाशी पट्ट्यांनी जखडलेले असते आणि पिंजऱ्याच्या नळ्यांवर जाड गादी असते. रस्त्यावरच्या गाडीत यांतले काहीच नसते. छोट्याशा टक्करीतही उघडे डोके पोलादी नळीवर आदळते. माणसाला वाचवण्यासाठी बसवलेली नळीच त्याच्या कपाळमोक्षाला कारण होते.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाहून निराळे ठरतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ कडकपणे लावला. विमा कंपनीला न कळवता केलेला फेरफार दाव्याच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो, हेही ध्यानी घ्यावे. जुनी गाडी मूळच्या मापावर आणणे, म्हणजे कुजलेला उंबरठा मूळ रूपात परत जोडणे, याला यातली कोणतीही अडचण येत नाही. गंमत अशी की बहुसंख्य जुन्या गाड्यांना तेवढेच पुरेसे असते. हरवलेला ताठपणा नवा मिळवावा लागत नाही, परत आणावा लागतो.

हौसेला शिस्तीची वाट हवी असेल तर ती या देशात आहे. इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली. तेथे विद्यार्थ्यांच्या चमू पोलादी नळ्यांचा पिंजरा स्वतः आखून, जोडून, चिखलात आणि खडकांवर पळवतात. आणि त्याआधी परीक्षक प्रत्येक सांधा तपासतात. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन घेऊन स्वस्तातली एकआसनी शर्यतीची गाडी घडवली, तिच्यावर भारतीय शर्यतपटूंची एक पिढी तयार झाली. तेथील शर्यतीच्या मार्गाला आज त्यांचेच नाव आहे.

राहता राहिले मोजमाप. कोणताही आधार जोडला की गाडी बदलल्याचा भास होतोच. मेहनत केलेल्या मनाला तसे वाटावेच लागते. म्हणून मोजावे. गाडीचा मागचा भाग दोन्ही स्प्रिंगांच्या जागी घोड्यांवर घट्ट बसवावा. पुढच्या दोन्ही स्प्रिंगांच्या जागा एका भक्कम आडव्या तुळईवर टेकवाव्यात आणि ती तुळई मधोमध एकाच टेकूवर, तराजूच्या दांडीसारखी तोलावी. तुळईच्या एका टोकाला, मध्यापासून दोन मीटरवर, ५० किलो वजन टांगावे; पिळणारा जोर ९८० न्यूटन-मीटर झाला. गाडीच्या पुढच्या भागावर, मध्यापासून दोन्हीकडे अर्ध्या मीटरवर, लेथ कारखान्यात असते तसे डायल गेज लावावे. वर मानलेला ५,००० चा ताठपणा असेल तर प्रत्येक काटा १.७ मिलिमीटरच्या आसपास सरकेल. वजन काढावे, काटा शून्यावर परततो का पाहावे. न परतला तर कोठेतरी सांधा सरकतो आहे. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. मागच्या घोड्यांजवळही एक गेज हवे, कारण पुष्कळदा गाडीऐवजी घोडीच हललेली असते. मग आधार जोडावा आणि तेच पुन्हा करावे. काटा १.७ वरून १.६ वर आला असेल आणि आधाराचे वजन बारा किलो भरले असेल, तर तो आधार काढून भंगारात द्यावा आणि उंबरठ्याचा पत्रा टाचणीने टोचून पाहावा.